पुढच्या रविवारी नका हां येऊ

मंगळवार, रात्री

रविवार गेला, सोमवार गेला, आजचा दिवसही संपत आला, आणि ते वाक्य काही डोक्यातून जात नाही. "पुढच्या रविवारी नका हां येऊ." रागाने नाही, रुसून नाही. कपबशा विसळता विसळता, माझ्याकडे पाठ करून, दूधवाल्याला उद्या अर्धा लिटर कमी दे म्हणून सांगावं तसं आजींनी सांगितलं. आमचा पळणाऱ्यांचा ग्रुप दर रविवारी पळत ज्यांच्याकडे मदतीला जातो, त्या आजी. १४ जण खळ्यात, म्हणजे त्यांच्या अंगणात, होते, त्यातल्या १३ जणांना सोडून नेमकं मला.

मलाच का, याचं एक सरळ उत्तर आहे. मी शेवटी उरलेली असते. पळताना शेवटी, म्हणून पोचताना शेवटी, म्हणून काम हातात घेताना शेवटी आणि निघतानाही शेवटी. ग्रुपमध्ये मला शेपूट म्हणतात. प्रेमाने म्हणतात, असं तेच म्हणतात. पहाटे सहाला रत्नागिरीत मारुती मंदिरच्या सर्कलवरून निघालो की भाट्याच्या पुलापर्यंत मी कशीबशी त्यांच्यात असते. पुलावर खाडीचा वारा तोंडावर आला की पुढचे पिवळे टीशर्ट ठिपक्याएवढे होतात, आणि झरी विनायकापाशी मी हात जोडते तोवर मंडळी सुरूच्या बनात पाणी पिऊन, पाय ताणून, पुढच्या चढाला लागलेली असतात. तो चढ मी चालत चढते. आजींच्या ते पहिल्याच रविवारी लक्षात आलं होतं. "तू चालत आलीस काय गो?" बाकी कोणी बघितलंही नव्हतं. मला तेव्हा लाज वाटायला हवी होती, पण बरंच वाटलं. माझ्या चालण्याची कोणीतरी चौकशी केली.

आणि आता त्याच म्हणतात, नका येऊ.

घरी सांगितलं तर हे म्हणाले, "मग नका जाऊ. प्रश्न मिटला." यांचे सगळे प्रश्न असेच मिटतात.

मुळात पळत जाऊन काम करण्याचं हे खूळ आमच्या ग्रुपच्या सरांचं. नुसतं पळून घाम फुकट जातो, त्याचं काहीतरी केलं पाहिजे, हे ते पहिल्यापासून म्हणत. आधी प्लॉगिंग झालं. पळता पळता कचरा उचलायचा, स्वीडनमधल्या एरिक आलस्ट्रम नावाच्या माणसाने २०१६ साली स्टॉकहोममध्ये सुरू केलेला प्रकार. २०१९ च्या ऑक्टोबरात पंतप्रधानांनी ममल्लापुरमच्या किनाऱ्यावर तेच केल्यापासून आपल्याकडेही तो शब्द झाला. आम्ही भाट्याच्या वाळूत केलं. थर्माकोल, जाळ्यांचे तुकडे, बाटल्या, आणि चपला. दर वेळी एकेकच चपला. जोड सापडला असं आजवर झालेलं नाही. वाकून वाकून माझी कंबर धरली, पण त्यातही एक मजा होती, कारण वाकलेल्या माणसात आणि मागे पडलेल्या माणसात लांबून फरक कळत नाही.

मग पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, बंधारा झाला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, त्यात माती भरायची, तोंडं शिवायची आणि सांधा चुकवत रचायच्या. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जांभा दगड तो सगळा खाली सोडून मोकळा होतो, आणि एप्रिलात माणसं हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. गोण्यांनी अडलेलं पाणी निदान आजूबाजूच्या विहिरींना थोडं पुढे नेतं. त्या रविवारी मी सगळ्यांत जास्त गोण्या शिवल्या. बसून करायचं काम होतं ना.

आणि मग सरांनी कुठूनसं लंडनचं गुडजिम आणलं. आयव्हो गॉर्मली म्हणून एक तरुण होता, त्याला जिममधल्या यंत्रावर जागच्या जागी पळण्याचा कंटाळा यायचा. तो एका निवृत्त बॉक्सरच्या घरापर्यंत पळत जायचा, त्याला वर्तमानपत्र द्यायचा, दोन शब्द बोलायचा आणि पळत परत. त्यातून पुढे ही संस्था उभी राहिली. कुठे बागेतली माती ओढायला पळत जायचं, कुठे एकट्या म्हाताऱ्या माणसाकडे. आणि त्या म्हाताऱ्या माणसाला ते म्हणतात कोच. कारण तो वाट बघत असतो, म्हणून तुम्हाला पळावंच लागतं. हे ऐकून आम्ही सगळे गप्प झालो होतो. आपल्याकडे तर घराघरात कोच बसलेत. मुलगा डोंबिवलीला, धाकटा विरारला, गणपतीत आणि शिमग्यात घर भरतं, बाकी वर्षभर पडवीत एक म्हातारी आणि एक मांजर.

(आईकडे मांजरही नाही. असो.)

तर आजी आमच्या कोच ठरल्या. त्यांना कोणी विचारलं? हे मला आज पहिल्यांदा सुचतंय. तिकडे म्हणे कोणी नाव सुचवतं, मग त्या म्हाताऱ्या माणसाशी बोलतात, आणि जो घरी जाणार त्याच्यावर काही गुन्हाबिन्हा नाही ना हेही तपासून घेतात. आम्ही सरळ फाटकाचं बेडं सरकवून खळ्यात. १४ घामट माणसं, "आजी, काय काम आहे सांगा!" त्या म्हणाल्या, "काय नाय हो." आम्हाला वाटलं संकोच करतात.

आता झोपते. गुडघाही बोलतोय.

बुधवार

झोप कसली. काल हे सगळं लिहिल्यावर उलट झावळ्याच डोळ्यांपुढे यायला लागल्या.

पहिल्या रविवारी आम्ही मागीलदारचं रान काढलं, गडग्याचे ढासळलेले चिरे लावले, आणि परसात इकडेतिकडे पडलेल्या झावळ्या गोळा करून सुंभाने करकचून भारे बांधले. पाणचुलीशेजारी उंचीप्रमाणे रचले. फोटो छान आला होता. दुसऱ्या रविवारी आलो तर भारे सुटलेले, झावळ्या पुन्हा तीन ठिकाणी. कोणीतरी म्हणालं, गुरं आली असतील. आम्ही पुन्हा बांधले. तिसऱ्या रविवारी पुन्हा तीन ठिकाणी. तेव्हा मी उशिरा पोचल्यामुळे, आणि सगळे गडग्याकडे असल्यामुळे, नुसती बघत उभी राहिले. विहिरीजवळ सावलीत होत्या त्या हिरव्या, वर ओली गोणपाटं टाकलेली. पडवीच्या कडेला पिवळट, पाती अर्धवट सोललेली, शेजारी हिरांची जुडी आणि बोथट सुरी. आणि उन्हात होत्या त्या पार वाळून कोळ झालेल्या. म्हणजे हिरव्या झाप विणायला, पिवळ्या हीर काढून खराट्याला, वाळक्या पाणचुलीला. तो पसारा नव्हताच. ते तिचं कपाट होतं, आणि आम्ही दर रविवारी येऊन त्यातल्या साड्या, भांडी आणि लाकडं एका गाठोड्यात बांधून जात होतो.

मी हे कळल्यावर कोणाला बोलले का? नाही. सर खुशीत होते, आणि शेपटाने डोक्याला काय सांगायचं. मी आपली हिरव्यांवरची गोणपाटं पुन्हा नीट केली. आजींनी ते बघितलं, काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, आता आमचं जमलं.

म्हणून तर जास्त लागलं. इतरांना नको म्हणाल्या असत्या तर मी सुद्धा म्हटलं असतं, बरोबर आहे बाई तुझं. पण मला तर कळलं होतं. मला तरी "तू ये हां" म्हणायला हवं होतं त्यांनी. (हे लिहिताना सुद्धा कसं दिसतंय, ४७ वर्षांची बाई.)

आणि आणखी एक खुपतंय. त्या तिसऱ्या रविवारी परत येताना मी चढ उतरत होते तेव्हा मला वाटलं होतं की ही एक जागा अशी आहे जिथे मी उशिरा पोचले तरी चालतं. ऑफिसात चालत नाही, घरात चालत नाही, आईकडे तर

जाऊ दे.

गुरुवार

आज बाजारात शेजारच्या काकू भेटल्या. आजींच्या शेजारच्या, पाखाडीवरच्या. बांगड्याचा भाव करता करता मी सहज विचारावं तसं विचारलं. सहज काही नव्हतं, दोनदा शब्द घशात अडकले. काकू बांगडा उलटा करून कल्ले बघत म्हणाल्या, "अगो, तिला झेपत नाय. शनवारचा अख्खा दीस जातो तुमच्यापायी."

आंबोळ्या!

दर रविवारी आम्हाला केळीच्या पानाच्या तुकड्यावर दोन-दोन आंबोळ्या आणि ओल्या खोबऱ्याची चटणी मिळायची. आम्ही "कशाला आजी, कशाला" म्हणायचो, पान हातात घेऊन म्हणायचो. आता हिशेब मांडते. १४ माणसं, २८ आंबोळ्या. चुलीवर बिडाचा तवा एक. एकेकीला चार मिनिटं धरली तर पावणेदोन तास होऊन वर सात मिनिटं. आम्ही सातच्या सुमाराला पोचतो, म्हणजे चारला उठायला हवं, कारण आंबोळ्यांच्या आधी नारळ फोडायचा, खवायचा, चटणी वाटायची. तांदूळ-उडीद शुक्रवारी रात्री नाहीतर शनिवारी पहाटे भिजत घालायचे, शनिवारी दुपारी रगड्यावर वाटायचे. तिच्याकडे मिक्सर आहे, मुलाने आणून दिलाय, पण त्यात पीठ गरम होतं म्हणे आणि आंबोळी जाळीदार होत नाही. आणि नारळ दोन-तीन तरी. तेच नारळ ती विकते.

आणि आम्ही काय करायचो? ४० मिनिटं काम. त्यातली १० मिनिटं फोटो.

म्हणजे म्हातारी दीड दिवस राबून आम्हाला तिला मदत करू देत होती.

एवढं कळल्यावर रस्त्यातच हसू आलं. मासळीवाली बघायला लागली. तीन दिवस मी स्वतःला उगाळत बसले होते की मी कुठे चुकले, माझं काय नको झालं, आणि तिकडे प्रश्न पिठाचा होता. माझा नव्हताच. मी कुठे त्या यादीत? चौदावं पान, दोन आंबोळ्या, बिनसाखरेचा चहा. बिनसाखरेचा म्हणजे वेगळं आधण. सगळ्यांत त्रासाची मीच निघाले.

पण मला सांगितलं याचाही अर्थ आता वेगळा लागतोय. सरांना सांगितलं असतं तर सरांनी काय केलं असतं? "आजी, नाश्ता आमचा आम्ही आणू!" आणि पुढच्या रविवारी १४ डबे घेऊन खळ्यात. पाव्हण्याने स्वतःचा डबा उघडायचा आणि घरच्या बाईने बघत बसायचं, त्यापेक्षा चारला उठणं बरं. माझी आई सुद्धा हेच म्हणाली असती. म्हणालीही आहे, मागे एकदा, वेगळ्या कारणाने.

आणि रान काढायला पूर्वी मजुरीवर येणारे ते पाखाडीखालचे काका आता आजींकडे बघत नाहीत, असंही काकू जाता जाता बोलून गेल्या. म्हणजे फुकट काम करून आम्ही एका माणसाची रोजी पण घालवली की काय. त्यावर आज नको. एका दिवसात किती कळावं माणसाला.

रात्री ग्रुपवर मी लिहिलं, आजी थोड्या थकल्यात, या रविवारी भाट्याची वाळू करू. दोन अंगठे आले, एक नमस्कार आला. सर म्हणाले, उत्तम, हातमोजे आणा. विषय संपला. समुद्र चहा विचारत नाही, पऱ्याही नाही. आमच्यासारख्यांना तेच बरं.

एक राहिलं. माझी कोयती तिकडेच राहिली आहे. आईकडून आणलेली, मुठीला तांब्याची तार गुंडाळलेली. विहिरीच्या कठड्यावर ठेवली होती, निघताना ते वाक्य कानात घेऊन निघाले आणि ती राहिली. काकूंना फोन करून म्हटलं, आजींना विचारा, शनिवारी दुपारी मी एकटीच येऊन घेऊन जाऊ का. पळत नाही, स्कूटीने. आणि खरंच विचारा, मग सांगा.

आत्ता त्यांचा फोन आला. आजींचा निरोप असा: ये म्हणाव. जेवून ये म्हणाव. आणि त्या कोयतीला धार नाही, कोवळा नारळ सुद्धा सुटत नाही तिने.