उपदेशकाची पारख: आमच्या मंडळीतला माझा अनुभव

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, सिडकोतल्या घरगुती प्रार्थनेला पावसाळ्यात एक बाहेरगावचे उपदेशक यायला लागले आणि दिवाळीपर्यंत आमच्यात सरळ दोन गट पडले. काहींचं म्हणणं, देवानेच पाठवलेला माणूस आहे, नाशिकरोडला हॉल घेऊन त्यांच्या उज्जीवन सभा, म्हणजे विश्वास नव्याने जागवणाऱ्या सभा, ठेवू. बाकीच्यांना काहीतरी खटकत होतं, पण बोलायची सोय नव्हती. तोंड उघडलं की बायबलातली दोन वचनं पुढे यायची, 'न्याय करू नका' आणि 'माझ्या अभिषिक्तांना', म्हणजे देवाने निवडलेल्यांना, 'हात लावू नका'. शेवटी आमच्या पाळकांनी, म्हणजे पास्टरांनी, चौघांवर चौकशी सोपवली, त्यात मी होते.

आधी आम्ही त्या दोन वचनांपाशीच बसलो, कारण ती अडलेली असताना पुढे जाताच येत नव्हतं. मत्तयच्या शुभवर्तमानात 7व्या अध्यायात 'न्याय करू नका' आहे हे खरं. पण त्याच अध्यायात, पंधराव्या ओवीपासून, मेंढराच्या वेषात येणाऱ्या खोट्या संदेष्ट्यांपासून सावध राहा, त्यांच्या फळांवरून त्यांना ओळखा, असंही प्रभू येशूच सांगतो. पारखच करायची नसेल तर सावध कसं राहायचं? स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ आधी काढ म्हणतो, ते भावाच्या डोळ्यातलं कुसळ नीट दिसावं म्हणून. आणि अभिषिक्तांचं वचन स्तोत्र 105 मधलं आहे. अब्राहाम, इसहाक, याकोब परमुलखात उपरे म्हणून फिरत होते, तेव्हा राजांनी त्यांना इजा करू नये म्हणून देवाने दिलेली ती ताकीद आहे. उपदेशकाला हिशोब विचारू नये असं तिथे कुठेच नाही. दाविदाने एन-गेदीच्या गुहेत त्याच्या जिवावर उठलेल्या शौलाला, तो अभिषिक्त राजा म्हणून, हात लावला नाही, पण बाहेर येऊन त्याचा अन्याय त्याला मोठ्याने सुनावला. हे वाचून झाल्यावर आमच्यातल्या सगळ्यात भिडस्त ताईसुद्धा म्हणाल्या, "मग विचारायलाच पाहिजे."

एक मर्यादा मात्र आम्ही सुरुवातीलाच घातली. त्यांच्या मनात काय आहे, त्यांचं तारण झालंय की नाही, यावर कोणी एक शब्द काढायचा नाही. मनुष्य बाहेरचं पाहतो, हृदय परमेश्वर पाहतो. आमच्या वाट्याला येतं ते शिकवण, वागणूक आणि व्यवहार.

शिकवणीत बरंचसं चांगलं होतं, हे मी आजही म्हणेन. उधळ्या पुत्रावर ते बोलले तेव्हा माझ्या सासूबाई रडल्या, आणि ते रडणं खोटं नव्हतं. पण आमच्यातल्या एका मावशींना त्यांनी 'प्रभू म्हणतो' असं म्हणून सांगितलं होतं की नाताळाच्या आत मुलाला नोकरी लागेल. नाताळ गेला, नोकरी नाही. त्यावर उत्तर काय, तर "मावशी, तुमचा विश्वास कमी पडला." बायबलच्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात, 18व्या अध्यायात, याचा निवाडा आहे. देवाच्या नावाने सांगितलेलं घडलं नाही तर ते देवाचं बोलणं नव्हे. दोष सांगणाऱ्याकडे जातो, ऐकणाऱ्या बाईकडे नाही. मला सगळ्यात जास्त राग याचाच आला होता. त्या बिचाऱ्या रात्ररात्र स्वतःला दोष देत होत्या.

फळांचं म्हणाल तर आम्ही नाशिकची माणसं, आम्हाला ते समजायला हवं. आमच्या चुलत सासऱ्यांची निफाडकडे द्राक्षाची बाग आहे. ते घडाच्या वरचा मणी चाखून कधीच समाधान मानत नाहीत, टोकाचा मणी तोंडात टाकतात, कारण गोडी तिथे सगळ्यात शेवटी उतरते. स्टेजवरचा माणूस हा वरचा मणी. म्हणून उपदेशक आधी जिथे राहत होते त्या गावातल्या मंडळीकडे आम्ही फोन केला, मग दोघे जाऊन आले. ऐकलेली प्रत्येक गोष्ट धरली नाही. मंडळीच्या वडिलाविरुद्धचा, म्हणजे पुढाऱ्याविरुद्धचा, आरोप दोघा-तिघा साक्षीदारांशिवाय घेऊ नका असं प्रेषित पौल त्याच्या सहकारी तीमथ्याला सांगतो, तो नियम पाळला. एकट्याने सांगितलेलं सोडून दिलं. तरी एक गोष्ट वेगवेगळ्या घरांतून तशीच आली: तिथेही 'बीज पेरा', म्हणजे आधी द्या, देव वाढवून देईल, असं म्हणून दागिने घेतले होते आणि हिशोब मागितल्यावर गाव सोडलं होतं.

आमच्याकडेही मावशींनी दोन बांगड्या दिल्या होत्या. पावती मी हातात घेऊन पाहिली. वर कबुतराचं चित्र, सेवेचं नाव, खाली सही. ट्रस्टचा नोंदणी क्रमांक नाही, पत्ता नाही. सार्वजनिक न्यास म्हणवून देणग्या घ्यायच्या तर 1950च्या कायद्याप्रमाणे धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी लागते, हिशोब ठेवावे लागतात. पौलाने तर यरुशलेमसाठी गोळा केलेली मदत नेताना मंडळ्यांनी निवडलेली माणसं मुद्दाम बरोबर घेतली, कोणी बोट ठेवू नये म्हणून.

मग उपदेशकांना भेटायला गेलो. चौघांऐवजी दोघेच, मत्तय 18प्रमाणे, चारचौघांत अपमान नको म्हणून. मला खरं पाहायचं होतं ते हेच, की प्रश्न विचारल्यावर माणूस काय करतो. बिरुया शहरातल्या लोकांनी पौलाचं बोलणं शास्त्राशी ताडून पाहिलं, तर त्यांना थोर मनाचे म्हटलंय. पौलाच्या काळातला उपदेशक अपुल्लो केवढा वक्ता, पण अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याने जवळ घेऊन समजावलं ते त्याने ऐकून घेतलं. मी म्हटलं, "ब्रदर, तुम्ही कोणत्या मंडळीचे? तुमच्या सेवेचा हिशोब कोण पाहतं?"

"मला पवित्र आत्मा पाहतो."

"आणि मावशींच्या बांगड्या?"

ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, देवाच्या माणसाशी असं बोलणाऱ्यांच्या घरी काय होतं ते मी पाहिलंय." मला भीती वाटली नाही असं नाही, घरी लहान मुलं आहेत. पण त्या एका वाक्याने आमची चौकशी संपली. ज्याला जाब विचारता येत नाही आणि विचारलं तर जो शापाची भीती घालतो, त्याच्या हाती मंडळी देता येत नाही.

पाळकांनी रविवारी उपासनेनंतर निर्णय सांगितला. हॉलचा विषय संपला. दोन कुटुंबं अजून त्यांच्याकडे जातात. भेटल्यावर आम्ही 'जय ख्रिस्त' म्हणतो, घरी जातो-येतो, वाद घालत नाही. बांगड्या परत आल्या नाहीत, तक्रार करायची का ते मावशी ठरवतील, आम्ही बरोबर जाऊ. आता बाहेरचा कोणीही उपदेशक बोलवायचा तर त्याच्या स्वतःच्या मंडळीचं पत्र लागतं. अपुल्लो अखया प्रांताला निघाला तेव्हा इफिसच्या बंधूंनी त्याला असंच पत्र दिलं होतं. गेल्या महिन्यात येवल्याकडचे एक वयस्कर सुवार्तिक आले, त्यांनी आम्ही मागायच्या आतच खिशातून पत्र काढून दिलं.