गव्यापेक्षा गर्दी जड

पन्हाळ्याच्या पायथ्याला एका गावात उसात गवा शिरला होता. आम्ही पोचेपर्यंत बांधावर जत्रा भरलेली. पोरं झाडावर, बायका ट्रॉलीत, आणि मोबाईलचं तर विचारूच नका.

माझ्यासोबत शिवाजी विद्यापीठातून पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. झालेली एक मुलगी होती. वन्यजीवांच्या क्षेत्रातच काम करायचं, हे तिचं पक्कं. गाडीत पहिला प्रश्न, "सर, बेशुद्धीचं इंजेक्शन कोण मारणार?"

कोणीच नाही. डिसेंबर २०२० मध्ये पुण्यात कोथरूडला शिरलेला गवा पाठलाग आणि पकडापकडीत मेला. हजार किलोपर्यंत भरणारं जनावर, पण घाबरून धावत सुटलं की अंग तापतं, स्नायू निकामी होतात. म्हणून दिवसभर त्याला उसातच राहू द्यायचं, डोंगराकडची वाट मोकळी ठेवायची आणि अंधाराची वाट बघायची. खरं काम माणसांना आवरायचं.

मधेच पाचट खसखसलं. पाल्याच्या फटीतून गुडघ्याखालचे पांढरे पाय दिसले, पायमोजे घातल्यासारखे. सगळी गर्दी पुढं सरकली. वनरक्षक ओरडून थकला, माझाही घसा बसला.

ही मुलगी मात्र शेतमालक तात्यांजवळ बसली होती. आडव्या झालेल्या सऱ्या त्यांच्याकडून मोजून घेत होती, भरपाईसाठी पंचनामा कसा होतो ते सांगत होती. आधी "तुमचा गवा घेऊन जावा" म्हणून अंगावर आलेले तात्या थोड्या वेळानं स्वतःच काठी घेऊन उठले. "व्हा रं मागं! तुमच्या बापाचा ऊस हाय व्हय?" पाच मिनिटांत बांध रिकामा. आमच्या शिट्ट्यांनी दुपारपर्यंत जे जमलं नव्हतं ते!

वाट बघताना तिला बाकीचं सांगितलं. बारावीवर वनरक्षक भरती, एमपीएससीतून वनसेवा, संशोधन करायचं तर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था. संस्थांमधल्या नोकऱ्या बऱ्याचदा प्रकल्पापुरत्या, पगार बेताचा. घरच्यांना हे आधीच सांगून ठेव, म्हटलं. राधानगरीला गवे मोजायला मिळतील या आशेनं बरेच जण येतात आणि तहसील कचेरीचे हेलपाटे सुरू झाले की गळतात.

रात्री बॅटऱ्या बंद केल्या. गवा ओढ्याच्या कडेनं वर निघून गेला.

तात्या तिलाच म्हणाले, "पोरी, अर्ज कवा आणतीस?"

"उद्या सकाळी. सातबारा तेवढा काढून ठेवा."