आम्ही पडलो बाहेरचे, आम्ही काय करणार?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. प्रश्न बहुतेक वेळा याच शब्दांत येतो. विचारणारा आधी इकडेतिकडे बघतो, आवाज खाली आणतो आणि म्हणतो, "आमच्या ओळखीत एक घर आहे. तो तिला मारतो. पोरं लहान आहेत, बघवत नाही. पण आम्ही पडलो बाहेरचे. आम्ही काय करणार?" अशा घरांतल्या मुलांबरोबर आणि त्यांच्या आयांबरोबर मी बरीच वर्षं काम करते, म्हणून मला विचारतात. घाईत उभ्याउभ्या काहीतरी सांगितलं जातं आणि नेमकं महत्त्वाचं राहून जातं. म्हणून इथे सविस्तर.

पहिली गोष्ट ही की बायकोला मारणारा माणूस सगळ्यात आधी बाहेरच्यांनाच तोडतो. हात उचलण्याच्या आधी बरंच काही घडून गेलेलं असतं. तिच्या मैत्रिणींना नावं ठेवणं, बहिणीचा फोन आला की तोंड वाकडं करणं, मोबाइल तपासणं, पगार ताब्यात घेणं, पाहुण्यांसमोर असा काही अपमान करणं की पुढच्या वेळी पाहुणेच येणार नाहीत. हळूहळू येणंजाणं आटतं. मग खरी मारहाण सुरू होते तेव्हा सांगायला कोणी उरलेलं नसतं. त्यामुळे कुणी काही निमित्ताने त्या घरी जात राहिलं, तिच्याशी बोलत राहिलं, मुलांना नावाने हाक मारत राहिलं, तर त्याने उभ्या केलेल्या भिंतीला तिथे खिंडार पडतं. मला विचाराल तर सगळ्या मदतीचा पाया हा आहे. सल्ला, पैसे, वकील हे त्यानंतरचं.

हे घर विरळा नसतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, १५ ते ४९ वयाच्या ज्या स्त्रियांना कधी ना कधी जोडीदार होता, त्यांच्यापैकी सुमारे २७ टक्के जणींनी जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली आहे. म्हणजे चारांतली एक. तुमच्या ओळखीत असं एकच घर असेल, तर बाकीची तुम्हाला अजून कळलेली नाहीत.

आता मुलांविषयी. "मुलं झोपलेली असतात, त्यांना काही कळत नाही," हे मी आयांकडून ऐकते, आज्यांकडून ऐकते, शिक्षकांकडूनही ऐकते. माझ्याकडे येणारा सात-आठ वर्षांचा एक मुलगा कुलपातल्या किल्लीच्या आवाजावरून बाबा आज कसे आहेत ते ओळखायचा. किल्ली एका झटक्यात फिरली तर ठीक. दोनदा अडखळली तर धाकट्या बहिणीला घेऊन आतल्या खोलीत जायचं. पण दार लावायचं नाही, कारण लावलेलं दार बघून बाबा जास्त चिडतात. टीव्ही बंद करायचा नाही, कारण एकदम शांतता झाली की तेही त्यांच्या लक्षात येतं, नुसता आवाज थोडा कमी करायचा. बहिणीला बाहुलीचे केस विंचरायला द्यायचे, त्यात ती गुंतते. हे सगळं त्याने मला गणिताची रीत सांगावी तसं क्रमाने सांगितलं. कुणी शिकवलेलं नव्हतं. शाळेत त्याच्याविषयी एकच तक्रार होती, लक्ष नसतं. ज्या मुलाचं सगळं लक्ष संध्याकाळच्या त्या किल्लीवर लागलेलं आहे, त्याच्याकडे पाढ्यांसाठी किती उरणार?

त्याला स्वतःला कधी फटका बसला नव्हता. तरीही मार खाणाऱ्या मुलाच्या अंगात जे भरतं ते त्याच्या अंगात भरलेलं होतं. १९९८ साली व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी अमेरिकेत बालपणीच्या आघातांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आघातांचे जे सात प्रकार धरले होते, त्यांत 'आईला होणारी मारहाण' हा स्वतंत्र प्रकार होता. असे आघात जितके जास्त, तितके मोठेपणी हृदयविकार, नैराश्य, व्यसन यांचे धोके जास्त, असं त्यात दिसलं. इंग्लंड आणि वेल्सच्या कौटुंबिक हिंसेविषयीच्या २०२१ च्या कायद्याने तर स्पष्टच म्हटलं की अशा घरात जे मूल हे बघतं, ऐकतं किंवा त्याचे परिणाम भोगतं, ते स्वतःच पीडित आहे, नुसता साक्षीदार नाही. हे कायद्यात यायला २०२१ साल उजाडावं लागलं याचं मला वाईट वाटतं, पण आलं हे बरंच झालं.

एवढं वाचून घाबरून जाऊ नका. याची दुसरी बाजूही तितकीच पक्की आहे. एमी वर्नर यांनी हवाई बेटांमधल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या मुलांचा कित्येक दशकं माग ठेवला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचे आजार अशा अनेक अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं पुढे चांगली, सावरलेली माणसं झाली. या मुलांच्या आयुष्यात वारंवार एक गोष्ट आढळली: त्यांच्यावर मनापासून माया करणारं निदान एक तरी मोठं माणूस. आई असेल, आजी असेल, शिक्षक असेल, शेजारी असेल. हे एक माणूस होणं तुमच्या हातात आहे, आणि त्यासाठी मानसशास्त्राची पदवी लागत नाही.

ते कसं दिसतं ते सांगते. मला माहीत असलेल्या एका मुलीच्या इमारतीत तळमजल्यावर एक निवृत्त बाई राहायच्या. त्यांनी मुलीच्या आईला विचारून ठरवून टाकलं, रोज संध्याकाळी ही माझ्याकडे चित्रं काढायला येईल. नवऱ्याला सांगायलाही कारण सोपं, फुकटचा चित्रकलेचा वर्ग. काकूंनी तिला घरचं काही म्हणजे काही विचारलं नाही. कागद, रंग, तीच खुर्ची, तीच वेळ. पावसाळा आला आणि गेला. मग एक दिवस मान वर न करता मुलगी म्हणाली, "काल बाबांनी आईला भिंतीवर ढकललं. मी आईला धरायला गेले नाही." काकूंनी हातातला ब्रश खाली ठेवला नाही. म्हणाल्या, "सांगितलंस ते बरं केलंस. तू मध्ये गेली नाहीस तेही बरोबर केलंस. मोठ्यांचं भांडण थांबवणं हे तुझं काम नाही. आणि यात तुझी काही चूक नाही." थोड्या वेळाने मुलीने विचारलं, "तुम्ही कुणाला सांगणार?" तेव्हा त्यांनी खोटं वचन दिलं नाही. "तुझ्या आईशी बोलणार आहे. तू सुरक्षित राहावीस म्हणून जिथे सांगावं लागेल तिथे सांगेन, पण तुला आधी कळवून."

या बाईंचं मला अतोनात कौतुक वाटतं. 'कुणालाच सांगणार नाही' असं मुलाला कधी म्हणू नये, हे प्रशिक्षण घेतलेल्यांनाही ऐन वेळी जमत नाही. उलटतपासणी घेऊ नये, "मग काय झालं, मग काय झालं" करू नये. आणि "तुला आई हवी की बाबा?" हा प्रश्न तर कधीच नको. तो विचारणाऱ्या नातेवाइकांचा मला खरोखर राग येतो.

काकू आधी आईशी बोलल्या, हे नीट लक्षात घ्या. आईला वगळून मुलांना मदत करायला गेलात तर मदत कमी आणि घाव जास्त होतो. "निदान मुलांसाठी तरी बाहेर पड," हे तिने शंभरदा ऐकलेलं असतं. मुलांसाठीच ती थांबलेली असते. 'पोरं हिसकावून घेईन' ही धमकी तिला रोज मिळत असते. आणि ती वेडी म्हणून घाबरत नाही. सोडून जाण्याचा आणि त्यानंतरचा काळ हाच अनेकदा सगळ्यात धोक्याचा असतो, कारण मारणाऱ्याच्या हातातली सत्ता तेव्हा निसटत असते. त्याने कधी तिचा गळा दाबला असेल, तर त्या एका गोष्टीकडे बाकी सगळं सोडून लक्ष द्या. वळ उमटला नसला तरी डॉक्टरकडे न्या. जोडीदाराने गळा दाबलेल्या बायकांचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सुमारे सातपट वाढते, असं अमेरिकेतल्या एका अभ्यासात आढळलं आहे.

म्हणून घाई तिच्यावर लादू नका, तयारीत हातभार लावा. कागदपत्रांच्या प्रती, थोडे पैसे आणि मुलांच्या औषधांची यादी तुमच्याकडे ठेवून घ्या. फोनवर म्हणायचं एक साधं वाक्य ठरवा, ते ऐकलं की तुम्ही पोलिसांना कळवायचं. मुलांना आईच्या संमतीने एवढंच शिकवा: मध्ये पडायचं नाही, कुठल्या घरी पळायचं, फोन करून पूर्ण पत्ता कसा सांगायचा. आणि "काही लागलं तर सांग" असं म्हणू नका, ती कधीच सांगणार नाही. "मंगळवारी आणि शुक्रवारी पोरांना शाळेतून मी आणते," असं म्हणा आणि आणा.

त्या नवऱ्याला जाऊन जाब विचारावा असं अनेकांना वाटतं. विचारणाऱ्याचं मन हलकं होतं आणि त्याची किंमत ती रात्री चुकवते. नवराबायकोला समोरासमोर बसवून "भांड्याला भांडं लागायचंच" म्हणत समेट घडवणारे मला त्याहून जास्त घातक वाटतात. त्याच्यासमोर ती खरं काय बोलणार? तो बाजूलाच बसलेला असताना निघालेला तिचा होकार, होकार धरू नका. त्याच्याशी बोलायचंच असेल तर ज्याचा शब्द तो मानतो अशा पुरुषाने बोलावं. तेही तिला विचारून आणि तिने सांगितलेलं एक अक्षरही बाहेर न काढता.

भिंतीपलीकडून आत्ता आवाज येत असतील आणि जिवावर बेतलंय असं वाटत असेल, तर पोलिसांना फोन. भारतात ११२. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. तितकं गंभीर वाटत नसेल आणि तुम्हाला धोका नसेल, तर दोघातिघांनी मिळून बेल वाजवा, काहीतरी क्षुल्लक मागा. २००८ साली भारतात 'बेल बजाओ' नावाची मोहीम निघाली, तिने विशेषतः पुरुषांना हेच सांगितलं होतं. आत मार थांबतो, कारण कुणीतरी ऐकतंय हे कळतं. "पण आमच्यावरच केस झाली तर?" ही भीती हमखास असते. भारताच्या २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात कलम ४ आहे. हिंसा झाली आहे, होते आहे किंवा होईल असं मानायला कारण असलेली कुठलीही व्यक्ती या कायद्याखाली सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकते, आणि सद्हेतूने दिलेल्या माहितीबद्दल तिच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. कायदा बाहेरच्यांना इतकं उघड बोलावतो आणि हे कलम फारच थोड्यांना ठाऊक आहे.

एकेकट्याने करण्यापेक्षा ठरवून केलं तर किती फरक पडतो याची दोन उदाहरणं देते. इंग्लंडमधल्या प्लिमथ शहरात २०११ साली एक मुख्याध्यापिका आणि त्यांचे पोलीस खात्यातले पती यांनी साधी व्यवस्था बसवली. रात्री ज्या घरी पोलिसांना जावं लागलं, त्या घरातल्या मुलाच्या शाळेला सकाळी वर्ग भरण्याआधी कळवायचं. मग गणवेश नाही, गृहपाठ नाही म्हणून त्या दिवशी मूल ओरडा खात नाही, त्याला बसायला शांत कोपरा मिळतो. ही पद्धत पुढे इंग्लंड-वेल्सभर गेली. दुसरं उदाहरण युगांडातल्या कंपाला शहराचं. तिथे 'सासा' नावाच्या कार्यक्रमात वस्तीतल्याच साध्या बायकापुरुषांना तयार केलं गेलं. नवराबायकोच्या नात्यातल्या सत्तेविषयी ते शेजारीपाजारी, कामाच्या जागी, गप्पांमध्ये बोलत राहिले. ज्या वस्त्यांत हे चाललं तिथे जोडीदाराकडून होणारी मारहाण, जिथे चाललं नाही त्यांच्या तुलनेत निम्म्याहून कमी आढळली. बाहेरच्यांचं बोलणं घराच्या आत पोचतं ते असं.

आणि ती बाहेर पडल्यानंतर? तेव्हा पहिल्या आठवड्यात सगळे येतात. सहाव्या महिन्यात कोणी नसतं, आणि खरी गरज तेव्हा असते. कोर्टाच्या तारखेला मुलं सांभाळायला कोणी लागतं. नव्या शाळेच्या अर्जावर दुसरा संपर्क म्हणून कुणाचं नाव लागतं. घरमालकासमोर जामीन राहणारं माणूस लागतं. मुलं याच काळात बिथरतात. इतके दिवस गप्प राहिलेला मुलगा आता आईवरच हात उगारतो, मुलगी पुन्हा अंथरूण ओलं करू लागते, आणि लोक म्हणतात, बघा, बापाचा धाक गेला. तसं नाही. आता घाबरायचं कारण नाही म्हणून आत कोंडलेलं वर येतं आहे.

त्यांना बापाची आठवणही येते. याने मोठी माणसं फार दुखावतात. "त्या माणसाची आठवण? एवढं सगळं करून?" असं एकदा ऐकलं की मूल पुन्हा म्हणून तोंड उघडत नाही. त्याला म्हणावं, आठवण येणारच, बाबा आहेत ते. त्यांनी आईला मारलं ते चूकच होतं. या दोन्ही गोष्टी एकाच मुलाच्या मनात राहू शकतात आणि राहतात.

कधी ती परत जाते. अनेकजणी जातात, एकदाच नाही. तेव्हा लोकांचा पारा चढतो, "आम्ही एवढं केलं आणि ही गेली." कृपा करून तसं तिला ऐकवू नका. तिने पुन्हा हाक मारायची की नाही ते तुम्ही आज काय बोलता यावर ठरतं. ती गेली तरी मुलांना शाळेतून आणायचा तुमचा मंगळवार आणि शुक्रवार सोडू नका.