जर्मनीत बाईक नावावर करताना

जर्मनीत जुनी बाईक नावावर करणं अगदी सोपं आहे, असं मला झाडून सगळ्यांनी सांगितलं. सांगणारे सगळे जर्मन होते.

गाडी घेण्याचा भाग खरंच सोपा गेला. साडेसहाशे सीसीची, विकणारे आजोबा व्यवस्थित, सर्व्हिसच्या पावत्या तारखेनुसार फायलीत लावलेल्या. करारावर सह्या झाल्या आणि त्यांनी 'शाइन' आणि 'ब्रीफ', म्हणजे गाडीच्या नोंदणीचे दोन कागद, हातात दिले. शाइन गाडी चालवताना जवळ ठेवायचा, ब्रीफ घरात कपाटात. ब्रीफ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका, समोरचा कितीही गोड बोलला तरी. ट्यूफची, म्हणजे गाडीच्या सक्तीच्या तांत्रिक तपासणीची, मुदत शिल्लक होती. विमा कंपनीचा सात अक्षरी ई-फाउ-बे क्रमांक, म्हणजे विमा असल्याचा पुरावा, त्याच संध्याकाळी ईमेलवर आला. हा क्रमांक नसेल तर वाहन नोंदणी कार्यालयाच्या खिडकीवर कोणी तुमच्याशी बोलतही नाही.

हल्ली हे काम घरबसल्या ऑनलाइन होतं. पण त्यासाठी ब्रीफवर छुपा कोड लागतो, आणि तो 2018 पासून निघालेल्या ब्रीफवरच असतो. माझ्या गाडीचा ब्रीफ त्याआधीचा. म्हणजे कार्यालयात जाणं आलं, आणि त्याआधी टेर्मीन, म्हणजे भेटीची ठरलेली वेळ, मिळवणं आलं. त्यांचं कॅलेंडर दुपारी उघडलं तर सगळे दिवस राखाडी. आमच्याकडे तरी रद्द झालेल्या वेळा सकाळी कार्यालय उघडायच्या सुमारास परत दिसायच्या, त्यामुळे चहाआधी लॅपटॉप उघडायची सवय लागली.

आता मुख्य रड. जर्मन माणसाच्या ओळखपत्रावर त्याचा पत्ता असतो. माझ्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावरही आहे, पण तो गावाकडचा, त्याचा इथे उपयोग शून्य. म्हणून परदेशी माणसाला पासपोर्टसोबत नगरकार्यालयाचा रहिवासाचा दाखला द्यावा लागतो. तो मी नेला होता. खिडकीपलीकडच्या बाईंनी पासपोर्ट आणि दाखला शेजारी शेजारी ठेवले, चष्मा वर केला आणि विचारलं, "यातल्या तुम्ही कोण?"

पासपोर्टवर नावाच्या रकान्यात माझं आणि वडिलांचं नाव आहे, आडनावाच्या रकान्यात नुसतं आडनाव. नगरकार्यालयातल्या कोणीतरी, मी या देशात नवीन आले तेव्हा, वडिलांचं नाव उचलून आडनावाला जोडून ठेवलं होतं. दाखल्यावर मी दुहेरी आडनावाची बाई. त्याच कागदावर बँकेचं खातं निघालं, घर भाड्याने मिळालं, फोन मिळाला, कुणाला काही खटकलं नाही. खटकलं ते मोटरसायकलला. रेसिडेन्स कार्ड दाखवलं, त्यावर नाव बरोबर होतं. बाई म्हणाल्या, कार्ड बरोबर असेल, पण आमच्या यादीत दाखला आहे आणि दाखल्यात चूक आहे. "मधलं नाव नवऱ्याचं का?" त्यांनी विचारलं. वडिलांचं, म्हटल्यावर त्यांनी सहानुभूतीने मान हलवली आणि फाइल परत सरकवली. टेर्मीन संपला. पुढचा नंबर फलकावर लागलासुद्धा.

चूक नगरकार्यालयाची, पण ती दुरुस्त करून घ्यायला टेर्मीन मी काढायचा. तो मिळेपर्यंत गाडी आजोबांच्याच गॅरेजात. तेही अधूनमधून फोन करून अगदी नम्रपणे विचारायचे, "अजून नाही?" आणि नगरकार्यालयात पोहोचल्यावर पहिल्या गृहस्थांनी मागितला जन्मदाखला, शपथबद्ध भाषांतरकाराच्या शिक्क्यासह. आता माझा जन्मदाखला नगरपालिकेचा, जुन्या वळणाचा. त्यात आईचं नाव आहे, वडिलांचं आहे, लिंगाच्या रकान्यात 'स्त्री' आहे, आणि बाळाच्या नावाच्या जागी आडवी रेघ. बारसं व्हायच्या आधीच नोंद झालेली. ती रेघ जर्मनमध्ये भाषांतर करून आणली असती तर या गृहस्थांनी काय केलं असतं, ते मला खरंच बघायचं होतं.

मी उठले नाही. जर्मनमध्ये भांडता येत नाही हे एका अर्थी बरंच झालं. नुसतं "पण पासपोर्ट तुमच्यासमोर आहे" एवढं एकच वाक्य परत परत म्हणत बसले. शेवटी शेजारच्या टेबलावरची तरुण मुलगी उठून आली. तिने पासपोर्टच्या फोटोच्या पानावर अगदी खाली ज्या दोन यंत्राने वाचायच्या ओळी असतात, त्यातल्या वरच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे देशाच्या कोडनंतर आधी आडनाव येतं, मग बाणाच्या टोकासारख्या दोन खुणा, आणि मग बाकीची नावं, त्यांच्यामध्ये एकेकच खूण. "दोन खुणांच्या आधी जे आहे तेच आडनाव," ती सहकाऱ्याला म्हणाली. त्याने ओठ दाबले, कीबोर्ड ओढला आणि दुरुस्ती केली. नवा दाखला प्रिंटरमधून गरम गरम बाहेर आला. भाषांतर नाही, शिक्का नाही, काही नाही.

तर माझं ऐका. आत्ताच्या आत्ता आपला रहिवासाचा दाखला काढा आणि त्या ओळीशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. विम्याच्या कागदावरही तेच पूर्ण नाव घाला, कारण ई-फाउ-बेवरून कार्यालयाला तुमचं विम्यातलं नाव दिसतं. मग टेर्मीन काढा, आधी नाही.

आपल्याकडे आरटीओबाहेर जसे एजंट असतात तसे इथेही आहेत, अगदी कायदेशीर. त्यांना मुखत्यारपत्र दिलं की ते तुमच्या वतीने उभे राहतात. पहिल्या फेरीनंतर मी एकाला विचारलं होतं. नाव जुळत नसेल तर आम्हीही काही करू शकत नाही, असं त्याने पैसे न घेता सांगितलं.

नोंदणी कार्यालयात दुसऱ्यांदा गेले तेव्हा काम चुटकीसरशी झालं. खिडकीवर क्रमांक मिळतो, तो घेऊन बाहेरच्या पाटीवाल्याकडे जायचं. कार्यालयाच्या दारातलं दुकान सोडून थोडं पुढे चाला, तीच पाटी तिथे स्वस्त मिळते. बाईकला मागे एकच पाटी लागते. ती घेऊन परत आत, मग बाई तिच्यावर शिक्का आणि ट्यूफची गोल चकती चिकटवतात. चकतीवर सर्वांत वर जो आकडा येतो, तो पुढच्या तपासणीचा महिना.

कर कस्टम्स खातं बँकेतून परस्पर कापतं, त्यासाठी सेपा संमतीपत्र त्याच दिवशी भरून द्यावं लागतं. दर 25 सीसीमागे 1.84 युरो, म्हणजे साडेसहाशेला वर्षाचे पन्नासच्या आत. हिवाळ्यात चालवणार नसाल तर मोसमी पाटी घ्या, कर आणि विमा दोन्ही कमी होतात. मात्र पाटीवर छापलेल्या महिन्यांबाहेर गाडी रस्त्यावर नुसती उभीही करता येत नाही. स्वतःची बंदिस्त जागा नसेल तर या मोहात पडू नका.

आणि हो, नावावर करताना लायसन्स कोणीही मागत नाही. चालवायला अर्थातच लागतं, आणि आपलं भारतातलं इथे राहायला आल्यापासून सहाच महिने चालतं. नंतर लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. शिकवणीच्या तासांची सक्ती आपल्याला नसते, आणि लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते.