सेटलमेंट काढायची फाइल

बारा वर्षं गोव्यात, पेडण्यात जमिनीच्या सर्व्हेचं काम करतोय. जानेवारी २०२३ ला मोपा विमानतळ सुरू झाला तेव्हापासून दारात येणारा प्रत्येक माणूस एकच विचारतो, आमच्या ऑर्चर्डची सेटलमेंट कशी होईल, म्हणजे बागायतीच्या झोनमधली जमीन घरं बांधायच्या झोनमध्ये कशी जाईल. गेल्या महिन्यात तात्या आले, पिशवीतून एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा काढला आणि म्हणाले, "पुता, माझ्या जमिनीत रस्त्याकडनं सेटलमेंटची पट्टी दाखवलीय, ती काढून टाक. आणि माझ्या पाठी कोणी परत आणू नये असं कायतरी कर."

मी दोनदा विचारलं, नीट ऐकलं ना म्हणून.

वर सपाट सडा, म्हणजे जांभ्याचं पठार, मग काजूचा उतार, त्याच्या पायथ्याशी झरा आणि झऱ्यावर खालच्या लोकांचं वायंगण, म्हणजे उन्हाळी भात. रिजनल प्लॅन २०२१, म्हणजे गोव्याचा जमीन-वापराचा आराखडा, त्याप्रमाणे २५ टक्क्यांहून जास्त उतारावर बांधकाम नाही, म्हणजे चार मीटर पुढे गेल्यावर एक मीटर चढ. काजूच्या झाडोऱ्यात हे डोळ्याला कळत नाही, त्यामुळे अख्खा दिवस टोटल स्टेशन हे मोजणीचं यंत्र लावून, पोराला प्रिझम घेऊन प्रत्येक गडग्यापाशी उभं करून मीटर-मीटरचे कंटूर, म्हणजे उंचीच्या रेषा, काढले. जवळजवळ सगळा उतार २५ च्या वर निघाला, इतका आनंद मला एखाद्याची सनद (जमीन बिगरशेती झाल्याचा दाखला) मिळाल्यावरसुद्धा कधी झाला नव्हता. पण झऱ्याला येणारं पावसाचं पाणी मुरतं ते सड्यावर, आणि सडा सपाट, तीच ती सेटलमेंटची पट्टी. नकाशा रंगवणाऱ्यानं झरा बघितलाच नसणार.

भातशेतीला निदान २०२३ चा कायदा आहे, शेतकरी नसलेल्याला विकता येत नाही. सड्याचं काय? अमेरिकेत मालक बांधकामाचा हक्क कायमचा एखाद्या ट्रस्टला देऊन टाकतो, जमीन त्याचीच राहते, उद्या विकली तरी बंधन जमिनीबरोबर जातं. कॉन्झर्वेशन ईझमेंट म्हणतात त्याला. आपल्याकडे तशी सोय नाही. मृत्युपत्र करावं तर गोव्यात अर्धी इस्टेट मुलांचीच. राहिलं नगरनियोजन कायद्याचं ३९अ कलम, अर्ज करा, ३० दिवस हरकती, झोन बदलतो, पण त्याच कलमाखाली मुलगा उद्या परत सेटलमेंट मागू शकतो, हे तात्यांना सांगताना माझी जीभ जड झाली. काउंटरवरच्या बाईंनी तर विचारलं, उलटं टाइप झालंय का? त्यांचा दोष नाही, अशी फाइल मीसुद्धा कधी केली नव्हती.

"तरी घाल," तात्या म्हणाले.

अर्ज टेबलावर आहे. बदलाचं कारण म्हणून त्यांचंच वाक्य पेन्सिलीनं लिहून ठेवलंय, वर घरं झाली तर खालची शेतं कशावर जगतील.