स्नोक्वाल्मी खिंडीतला पूल
आज सिअ‍ॅटलहून एलेन्सबर्गला (दोन्ही अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात) जाताना, सुमारे ३,००० फूट उंचीची स्नोक्वाल्मी खिंड ओलांडून आम्ही कीचेलस तलावाकाठी पोहोचलो, तेव्हा भारतातून आलेल्या आईला मी उतारालगतचे उंच पूल मुद्दाम दाखवले. पूर्वी तेथे कोसळणाऱ्या बर्फापासून रस्त्याचे रक्षण करणारे, १९५० साली बांधलेले छप्पर होते, परंतु त्याखाली केवळ पश्चिमेकडे जाणाऱ्या मार्गिका येत. आता हिमकडा कोसळला तरी बर्फ पुलांखालून तलावाकडे निघून जावा, अशी रचना आहे. चौपदरी रस्ता सहापदरी झाल्याने कोंडीही कमी जाणवली.

मला मात्र सर्वांत मोलाचा वाटतो तो प्राइस क्रीक या ओढ्याजवळचा, केवळ प्राण्यांसाठी बांधलेला पूल, ज्यावर माती घालून स्थानिक झाडेझुडपे लावली आहेत आणि ज्याच्या दोन्ही बाजूंची उंच कुंपणे हरणांना व एल्कना (मोठ्या आकाराच्या हरणांना) महामार्गावर येऊ न देता पुलाकडे वळवतात. ओढ्यांवरचे पूलही रुंद केले आहेत, त्यामुळे मासे आणि लहान जीव खालून जाऊ शकतात. आईने विचारले, “आपल्या आंबोली घाटात असा पूल का नसावा?” परतीच्या वाटेवर बराच वेळ आम्ही त्याविषयीच बोलत होतो.