भोकर म्हटलं, भोकरदनला पोचलो

आमचं काम मराठवाड्यातल्या पावसाच्या आणि पीकपेऱ्याच्या आकड्यांचं. त्यांचे फोल्डरही तसेच: आठ जिल्हे, 76 तालुके, तालुक्यात वर्षं, वर्षात खरीप-रब्बी. नांदेडच्या ऑफिसात दिवसभर टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडं, आणि सीडी (फोल्डर बदलायची आज्ञा) लिहून टॅब बडवण्यातच निम्मा जीव जातो. ‘सीडी डॅश’नं मागं येता येतं, पण त्याला मागची एकच जागा ठाऊक. म्हणून झेडऑक्साइड टाकायचं ठरवलं: गेलेले फोल्डर लक्षात ठेवून, झेड आणि नावाचा तुकडा लिहिला की तिथं उडी मारून देणारं साधन.

इन्स्टॉल बिनबोभाट झालं. झेड टाइप केलं तर ‘कमांड नॉट फाउंड’. शेजारच्या टेबलावरची मुलगीही तेच करत होती. म्हणाली, “सर, हे उडीच मारंना गेलंय.”

उडी मारणार तरी कशी? शेलमधून (टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम; आमचं बॅश) चालवलेला प्रोग्राम ही वेगळी प्रोसेस असते. ती स्वतःची डिरेक्टरी बदलू शकते, ज्या शेलनं तिला सुरू केलं त्याची नाही. सीडी शेलमध्येच बांधलेली आहे ती याचमुळे. झेडऑक्साइड नुसता पत्ता काढून देतं; प्रत्यक्ष सीडी करतं ते शेलमधलं झेड नावाचं फंक्शन. ते तयार होतं बॅशआरसी या बॅशच्या सेटिंगच्या फाइलमध्ये इव्हॅलची (मिळालेला मजकूर आज्ञा म्हणून चालवणारी) ओळ घातल्यावर, जिच्यात झेडऑक्साइड इनिट बॅश असं लिहिलेलं असतं. ऑटोजंप या तसल्याच साधनाचीही हीच तऱ्हा. उबुंटूवर एपीटीनं टाकलं तरी त्याची स्क्रिप्ट आपल्यालाच सोर्स करावी, म्हणजे चालू शेलमध्ये वाचून घ्यावी लागते.

ओळ घातली, नवं टर्मिनल उघडलं. आता झेड सापडलं, पण उत्तर ‘नो मॅच फाउंड’. सुरुवातीला हे साहजिक आहे, कारण ज्या फोल्डरात आपण गेलो तेच त्याला माहीत होतात. मात्र पाच-पंचवीस फोल्डर फिरून आलो तरी यादी रिकामीच. खरी गंमत इथं होती. बॅश दरवेळी प्रॉम्प्ट (पुढच्या आज्ञेची वाट पाहणारी खूण) दाखवायच्या आधी प्रॉम्प्ट कमांड या व्हेरिएबलमध्ये जे असेल ते चालवतं, आणि झेडऑक्साइड तिथंच आपला हूक, म्हणजे फोल्डरची नोंद करणारा तुकडा, अडकवतं. एकोनं ते व्हेरिएबल छापून पाहिलं, तर हूकचा पत्ता नाही! बॅशआरसीच्या तळाशी खिडकीवर फोल्डरचं नाव दाखवणारी ओळ होती. ती व्हेरिएबलमध्ये भर घालत नव्हती, सरळ बरोबरचं चिन्ह टाकून आधीचं पुसत होती. इनिटची ओळ फाइलच्या अगदी शेवटी नेली, आणि यादी भरायला लागली.

सर्व्हरवर पुन्हा तेच रडगाणं, कारण वेगळं. एसएसएचनं (दुसऱ्या मशीनवर दुरून जायची सोय) आत गेलं की लॉगिन शेल मिळतं. ते बॅश-प्रोफाइल वाचतं, आणि तिथल्या त्या फाइलमध्ये बॅशआरसी बोलावलेलीच नव्हती. एका ओळीचं काम.

मग नावांचा घोळ. नांदेड जिल्ह्यात भोकर, जालन्यात भोकरदन. ‘झेड भोकर’ केलं की थेट जालन्यात. शब्द फोल्डरच्या नावात कुठंही जुळला तरी चालतो, आणि त्या आठवड्यात आमचं सगळं काम भोकरदनचं. प्रत्येक भेटीला एक गुण. तासाभरात गेलेल्या जागेचे गुण चौपट धरतात, दिवसभरातल्याचे दुप्पट, आठवड्यातल्याचे निम्मे, त्याहून जुन्याचे पाव. भोकर हरणारच. उपाय सोपा: ‘झेड नांदेड भोकर’. शब्द पथात त्याच क्रमानं यायला हवेत आणि शेवटचा शब्द शेवटच्या फोल्डरच्या नावात जुळायला हवा, एवढाच नियम. म्हणूनच ‘झेड भोकर’नं भोकरच्या आतल्या खरीप फोल्डरात जाता येत नाही, तिथं ‘झेड भोकर खरीप’ लागतं. नुसतं ‘झेड खरीप’ लिहिणाऱ्यानं 76 तालुक्यांपैकी कुठंही उतरायची तयारी ठेवावी.

2023 मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचं धाराशिव झालं तसं आम्ही फोल्डरचंही नाव बदललेलं. झेडऑक्साइडला फक्त पथ कळतो. जुना पथ डिस्कवर नसला की तो वगळतं, पण नव्याचे गुण शून्यापासून. एकदा सीडीनं जाऊन आलं की नोंद होते.

शेजारणीला हे गुणांचं गणित आवडत नाही. ती झेडआय वापरते: एफझेडएफ हे यादीतून निवडायचं साधन टाकलेलं असलं की यादी समोर येते, त्यातून बोट ठेवून निवडायचं. मी झेडवरच आहे. रात्री क्रॉननं (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारा प्रोग्राम) चालणाऱ्या स्क्रिप्टांत मात्र दोघंही पूर्ण पथच लिहितो. तिथं बॅशआरसी वाचली जात नाही, आणि वाचली जात असती तरी रोज बदलणाऱ्या गुणांच्या भरवशावर आकड्यांची फाइल कुठं पडेल हे सोडणं मला पटलं नसतं.